पासपोर्ट लाल झाला तर सातबारा कोरा होईल का?

«ताई, नमस्कार.

मी मूळचा वाई तालुक्यातला, वय ३८. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीला जोडलेल्या परवान्यावर, स्टुटगार्टला आलो, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बायको वर्षभरानं आली. तिचं जर्मन बी-टूपर्यंत झालंय आणि ती एका किंडरगार्टनमध्ये नोकरी करते. मुलगी २०२१ ची, इथंच जन्मली, पासपोर्ट भारतीय. माझं जर्मन पहिल्या पायरीवर, ए-वनवरच अडकलंय, कारण ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं.

बायको म्हणते, पाच वर्षं उलटून गेली, आता नागरिकत्वाचा अर्ज टाकू. आमच्या विभागात माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे, म्हणून तिला घाई. माझा मात्र हात उचलत नाही. गावी आई-वडील दोघंच असतात. दादा ७१ वर्षांचे. तीन एकर रान आहे, हळद आणि थोडा ऊस. फोनवर नागरिकत्वाचं बोललो तर दादा म्हणाले, ‘तिकडचा झालास की सातबाऱ्यावरनं नाव गेलंच म्हणून समज.’ चुलतभाऊही तेच सांगतो. तेव्हापासून दादा नीट बोलत नाहीत.

इथले मित्र म्हणतात, दोन्ही पासपोर्ट ठेव, जर्मनीनं आता परवानगी दिलीय. खरं काय? पाच-सात वर्षांनी गरज पडली तर मला गावी जाऊन राहायचंय. मग हा खटाटोप कशाला? पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, भागणार नाही का?

– एक वाचक, स्टुटगार्ट

ता. क. २०२२ साली बांधाला लागून असलेला अर्धा एकर विकायला निघाला. तो दादांनी मुखत्यारपत्रावर माझ्या नावानं घेतला, पैसे मीच पाठवले. नागरिकत्व घेतलं तर त्याचंही काही होईल का?»

ताजा कलम आधी घेते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड गोष्ट तिथं आहे आणि ती तुम्ही सगळ्यात हलक्या हातानं लिहिली आहे.

तुम्हाला वाटतंय, लाल जर्मन पासपोर्ट हातात पडला की जमिनीचा प्रश्न सुरू होईल. तो २०१९ च्या सप्टेंबरातच सुरू झालाय, तुम्ही नोकरीसाठी विमानात बसलात तेव्हा. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, याबाबतीत पासपोर्टचा रंग विचारत नाही. माणूस राहतो कुठं ते विचारतो. नोकरीसाठी देश सोडला की त्याच्या लेखी तुम्ही ‘भारताबाहेर राहणारी व्यक्ती’. अशा माणसाला पुण्यात फ्लॅट घेता येतो, साताऱ्यात गाळा घेता येतो, एनए प्लॉटही घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि चहा-कॉफीचे मळे मात्र विकत घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला नाही आणि ओसीआयवाल्यालाही नाही (ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला मिळणारं कार्ड). दोघांना एकच नियम.

म्हणजे तो अर्धा एकर तुम्ही भारताचे नागरिक असतानाच नियमाबाहेर घेतलाय. गावात कुणाला हे खटकलं नाही याचं नवल वाटून घेऊ नका. महाराष्ट्रात शेतजमिनीचा दस्त होताना घेणारा शेतकरी आहे का, एवढं बघतात. तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा. दाखला मिळाला, खरेदीखत झालं, फेरफार मंजूर झाला. फेमा काही तलाठ्याच्या दप्तरात नसतो. पण जर्मनीहून आलेल्या पैशांची नोंद बँकेत आहे आणि खरेदीखताची नोंदणी कार्यालयात. उद्या ती जमीन विकायला काढाल किंवा कुणी मुद्दाम तक्रार करेल, तेव्हा या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या जातील. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

हातपाय गाळू नका, पण विषय झाकूनही ठेवू नका. स्वतः पुढे होऊन रिझर्व्ह बँकेकडे चूक कबूल करायची आणि रक्कम भरून प्रकरण मिटवायचं, अशी सोय कायद्यात आहे. त्याला कंपाउंडिंग म्हणतात. त्यासाठी फेमाचं काम रोज करणारा सीए गाठा. तुमच्या पगाराचं विवरणपत्र भरून देतो तो नव्हे. जमिनीचं पुढं काय करायचं हे त्यालाच विचारा. आणि मागची तारीख घालून जमीन दादांच्या नावावर करून टाकू, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता दादांचं तीन एकर. इथं मात्र तुम्ही आणि दादा, दोघांनीही निर्धास्त व्हावं. वारसानं येणारी शेतजमीन एनआरआयला मिळते, तशी ओसीआयलाही मिळते. दादांनंतर वारसनोंदीत तुमचं नाव लागेल, मग तुम्ही तेव्हा जर्मन असा की भारतीय. ती जमीन ठेवता येते, पिकवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागेल, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीच असावा लागेल, पण तो नियम आजही आहेच. पैसे तुमच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात येतील. तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. वाईतल्या तीन एकराचे दहा लाखांहून जास्त डॉलर आले तर मला अवश्य कळवा, मीही गावाकडं रान बघते.

एक चूक मात्र मायेपोटी होऊ शकते. दादांना वाटेल, माझ्या डोळ्यांदेखत बक्षीसपत्र करून टाकतो म्हणजे नंतर कटकट नको. ते करू देऊ नका. शेतजमीन बक्षीस म्हणून घेणं तुम्हाला आजही चालत नाही, उद्याही चालणार नाही. त्याऐवजी त्यांना मृत्युपत्र करू दे, नोंदवून ठेवू दे. बहीण असेल तर (पत्रात उल्लेख नाही, पण असं बऱ्याचदा होतं) तिला या बोलण्यात आधीपासून घ्या. वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. आणि चुलतभावाचं म्हणाल, तर तो कदाचित काळजीनंच बोलत असेल. पण तुमचं नाव जाईल हे जो सांगतो, त्याचं रान तुमच्या बांधाला लागून आहे का, एवढं मनातल्या मनात बघून ठेवा.

दोन पासपोर्टांचं आता स्पष्टच सांगते, कारण हे खूळ तुमच्या एकट्याच्या मित्रांत नाही. २७ जून २०२४ पासून जर्मनीनं जुनं नागरिकत्व सोडायची अट काढून टाकली आणि आठ वर्षांची मुदत पाच वर्षांवर आणली, हे खरं. पण जर्मनीनं सोडलं म्हणून भारतानं धरलं, असं होत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम असं आहे की, स्वतःच्या इच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी विचारत नाही. इथल्या कार्यालयातली बाई तुमच्याशी हस्तांदोलन करून आइनब्युर्गरुंगची, म्हणजे नागरिकत्वाची, सनद हातात ठेवते आणि खिशातला निळा पासपोर्ट त्या क्षणापासून निव्वळ एक वही उरतो. तो दाखवून मुंबईला उतरलात तर गुन्हा.

‘पण गोव्यातले लोक तर...’ असं पुढचं वाक्य असतं, म्हणून तेही घ्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालची वाट खुली आहे. पुष्कळांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून ते नागरिकत्व घेतलं आणि भारतीय पासपोर्टही वापरत राहिले. मग ते पासपोर्ट सरकारनं रद्द करायला घेतले. पासपोर्ट रद्द म्हणून सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो जमा केल्याचा दाखला, मिळेना, ते नाही म्हणून ओसीआय मिळेना. माणसं आपल्याच गावी परकी होऊन बसली. २०२४ साली केंद्रानं रद्द केल्याचं प्रमाणपत्रही चालेल असं ठरवलं, तेव्हा कुठं थोडी वाट निघाली. तुमच्या मित्रांना हा अर्धा भाग माहीत नसतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. दादांना गरज पडली तर गावी जाऊन राहायचंय, मग नागरिकत्व कशाला, पीआर पुरे. हे ऐकायला किती सरळ वाटतं! आणि नेमकं उलटं आहे.

तुमच्या हातात भारतीय पासपोर्ट आणि जर्मन पीआर आहे असं धरा. दादा पडले, खुबा मोडला. तुम्ही बिनपगारी रजा घेऊन वाईला गेलात. ऑपरेशन, मग फिजिओ, मग पावसाळा, मग आईची साखर वाढलेली. सहा महिने झाले की इथला पीआर आपोआप संपतो. जायच्या आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करून मुदत वाढवून घेता येते, पण खुबा काही अर्ज करून मोडत नाही. म्हणजे पाचव्या महिन्यात, दादा काठी घेऊन जेमतेम उभे राहत असताना, तुम्ही परतीचं तिकीट बघत बसणार.

तेच जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर वाईला तीन महिने राहा, तीन वर्षं राहा; पोलिसांत नोंद नाही, व्हिसाची मुदत नाही. आणि परत यायचं झालं तर स्टुटगार्टचं दार कुणी बंद केलेलं नसतं. ज्या पासपोर्टमुळे मुलगा हातचा जाईल असं दादांना वाटतंय, त्याच पासपोर्टावर तो त्यांच्या उशाशी जास्त दिवस बसू शकतो. मी गेली काही वर्षं इथल्या मराठी लोकांचे फॉर्म भरून देते आहे. म्हातारपणी आई-वडिलांजवळ जाऊन निवांत राहिलेली माणसं मोजायला बसले तर मला लाल पासपोर्टवालीच जास्त आठवतात. पीआरवाले घड्याळाकडं बघत राहतात.

मधली एक वाट आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. पीआरचे दोन प्रकार मिळतात. साधी नीडरलासुंग्स-एरलाउबनिस, जिला आपण सगळे पीआर म्हणतो, आणि दुसरी ‘डाउअरआउफेन्थाल्ट-ईयू’. दुसरी युरोपीय नियमांखाली येते, तिला पाच वर्षांचा मुक्काम आणि साठ महिने भरलेली पेन्शनची वर्गणी लागते. तिची मुदत युरोपबाहेर सलग बारा महिने राहिल्यावर संपते, आणि ज्याच्याकडं आधी ब्लू कार्ड होतं त्याला चोवीस महिने मिळतात. मन अजून तयार नसेल तर ही घ्या. दोन वर्षं ही बऱ्यापैकी लांब मुदत आहे. पण हिला जर्मन बी-वन लागतं, आणि इथं गाडी तुमच्यापाशी येऊन थांबते.

रागावू नका, पण सहा वर्षं झाली तरी तुम्ही अजून ब्लू कार्डवरच? ब्लू कार्डवाल्याला ए-वनवर २७ महिन्यांत पीआर मिळतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांत. तुमचं ए-वन झालंय म्हणता. कंपनीत माणसं कमी होणार अशी कुजबुज असताना तुमचा इथला मुक्काम अजून नोकरीच्या खुंटीला बांधलेला आहे. सोमवारी सकाळी पहिलं काम पीआरच्या अर्जाचं. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नाही ही सबब मला सांगू नका, मी याच देशात राहते. ऑनलाइन होत असेल तर ऑनलाइन, नाहीतर कागदाचा गठ्ठा रजिस्टर पोस्टानं, आणि पोचपावती जपून. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पीआर असावाच लागतो असं नाही, ब्लू कार्डवरूनही तो थेट करता येतो. पण तिथं काही शहरांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि एवढा काळ नोकरीच्या भीतीत काढायचं कारण नाही. नोकरी गेलीच तर विम्यातून मिळणारा बेकारभत्ता घ्या, तो आड येत नाही. विम्याबाहेरच्या सरकारी मदतीवर जायची वेळ आली तर मात्र नागरिकत्वाचं अडतं.

बी-वनचा क्लास संध्याकाळचा लावा. ऑफिसात इंग्रजी चालतं हे मला मान्य, पण तुमची मुलगी काही दिवसांनी घरात बायकोशी जर्मनमध्ये गुपितं बोलायला लागेल, तेव्हा बघा. नागरिकत्वाची लेखी परीक्षा त्या मानानं किरकोळ आहे. तेहेतीस प्रश्न, सतरा बरोबर आले की पास. ३१० प्रश्नांचा संच आधीच जाहीर असतो आणि त्यातलेच येतात. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी जलद योजना कुणी सांगितली असेल तर ती ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. तुम्हाला तिची गरजही नव्हती.

तुमच्या बायकोला मात्र थांबायचं काहीच कारण दिसत नाही. तिची पाच वर्षं झाली, बी-टू आहे, नोकरी आहे. तिनं अर्ज करावा, २५५ युरो भरावेत, मुलीलाही सोबत घालावं. मुलीचे ५१ युरो. तुम्ही वर्षभर मागं राहिलात तरी संसार मोडत नाही. एका घरात दोन रंगांचे पासपोर्ट असलेली निदान चार कुटुंबं माझ्या इमारतीच्या आसपास आहेत. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर नवरा एका रांगेत आणि बायको-मुलं दुसऱ्या रांगेत, एवढाच काय तो विरह. मुलीला ओसीआय वेगळं काढावं लागेल, ते विसरू नका. आणि भारतात पुढं तिला इंजिनिअरिंग-मेडिकलला घालायचं मनात असेल तर हे ऐकून ठेवा: २०२१ च्या नियमांपासून ओसीआय मुलांना फक्त एनआरआयच्या जागा खुल्या आहेत.

आता वेळेचं गणित. इथं मी स्वतः ठेचकाळले आहे.

२०११ साली मला सनद मिळाली. नवा लाल पासपोर्ट आला, जुना निळा सरेंडर करायला पाठवला, ओसीआयचा अर्ज भरून टेबलावर ठेवला आणि जोडायचा एक कागद राहिला म्हणून चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मिरजेहून भावाचा फोन आला, आईला अॅडमिट केलंय. माझ्याकडं भारतात जायला काहीच नव्हतं. निळा पासपोर्ट गेलेला, ओसीआय नाही. तातडीच्या व्हिसासाठी खिडकीपाशी उभी राहिले. फॉर्मवर आधीच्या राष्ट्रीयत्वाची चौकट होती, तिथं ‘भारतीय’ लिहिलं. खाली भेटीच्या कारणाची चौकट. मी तिथं ‘आई’ लिहिलं. खिडकीतला तरुण मुलगा म्हणाला, मॅडम, नातेवाइकांची भेट असं लिहा. मी ते खोडून तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी पोचले. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली, म्हणून आता हसून सांगता येतं. पण खोडलेला शब्द असलेल्या त्या फॉर्मची झेरॉक्स अजून माझ्या फायलीत आहे.

तेव्हा क्रम नीट लावा. सनद हातात पडायच्या आधी एकदा निळ्या पासपोर्टावर गावी जाऊन या, निवांत महिनाभर. (अर्ज चालू असताना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहू नका, पाच वर्षांच्या हिशेबाला धक्का लागतो.) सनद मिळाली की त्याच आठवड्यात जर्मन पासपोर्टचा अर्ज. तो आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर. तो शिक्का मारून, रद्द करून परत देतात, टाकून देऊ नका, पुढं ओसीआयला आणि आयुष्यभर कुठं ना कुठं लागतो. मग लगेच ओसीआय. या मधल्या महिन्यांत घरातलं लग्न, बारसं, वास्तुशांत काहीही ठरू देऊ नका. आणि ओसीआयचे सगळे कागद सनद मिळायच्या आधीच एका फायलीत तयार ठेवा, जन्मदाखल्यासकट. वाई तालुक्यातला १९८७ च्या आसपासचा जन्मदाखला काढायला कधी कधी जर्मन नागरिकत्वापेक्षा जास्त वेळ लागतो.

जे खरंच जातं तेही सांगायला हवं. ओसीआयच्या नावात ‘सिटिझन’ असलं तरी ते नागरिकत्व नाही, आजन्म व्हिसा आहे आणि त्याला काही सवलती जोडलेल्या आहेत. तो सरकार रद्दही करू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची कारणं वाढली आहेत. मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर वेगळी परवानगी लागते. तुमच्या मनात कधी गावचं सरपंच व्हायचं असेल, तर आत्ताच विचार करा. मी थट्टा करत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात हे कोपऱ्यात कुठंतरी असतंच. मताचं म्हणाल तर एनआरआय म्हणून आज तुम्हाला मत आहे, पण ते द्यायला गावच्या मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. २०१९ पासून तुम्ही किती वेळा गेलात? आणि इथं कर भरता, पण मुलीच्या शाळेवर निर्णय घेणाऱ्या नगरपालिकेलाही तुमचं मत चालत नाही.

मला स्वतःला सनद घेताना वाईट वाटलं होतं. ते लपवत नाही. मताधिकारापेक्षा साध्या गोष्टीचं वाटलं: मुंबईला उतरल्यावर ‘भारतीय पासपोर्ट’ अशी पाटी असलेल्या रांगेकडं पाय आपोआप वळले आणि मग थांबले. तुमचाही हात त्याचसाठी उचलत नसेल. तसं असेल तर बायकोला तसं सांगा, सातबाऱ्याच्या आडून सांगू नका. आणि पुढं कधी मन बदललंच, तर ओसीआय होऊन पाच वर्षं झालेला माणूस भारतात बारा महिने राहून पुन्हा भारताचं नागरिकत्व मागू शकतो. तेव्हा जर्मन सोडावं लागेल, एवढंच.

दादांशी फोनवर हा विषय पुन्हा काढू नका. फोनवर फक्त ‘तिकडचा’ आणि ‘इकडचा’ एवढंच ऐकू जातं. फेब्रुवारीत हळद काढायला जा. रानातून आल्यावर, हातपाय धुऊन, त्यांच्याच ट्रंकेतला सातबारा काढा आणि त्यांना चष्मा लावायला सांगा. वरच्या नमुना सातमध्ये भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, इतर अधिकार. खाली बारामध्ये पीक. एकेका रकान्यावर बोट ठेवून त्यांनाच वाचू द्या आणि पासपोर्टचा रकाना कुठं आहे ते दाखवायला सांगा. मग त्याच बैठकीत, दादांचा राग उतरला असेल तर, त्या अर्ध्या एकराचं काढा. ते जरा कठीण जाईल. सीएचा नंबर खिशात असू द्या.